दोघांचं मिळून एक कारण

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी खोलीबाई एकोणिसाव्या अर्जाला पंचिंग मशीननं भोकं पाडत होत्या. समोर उभे असलेले रेक्टर त्या अर्जाकडे असे बघत होते, जणू तो त्यांच्याच बदलीचा आदेश आहे.

"एकोणीस झाले," ते म्हणाले.

"मला मोजता येतं, सर."

"अजून पन्नास मिनिटं आहेत."

"घड्याळही बघता येतं."

विद्यापीठाच्या मुलांच्या वसतिगृहात खोल्या वाटण्याचं काम बाई एकतीस वर्षं करत आहेत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात आहे; बाकी सगळीकडे त्या खोलीबाई. निवृत्तीला आठ महिने उरलेत आणि दोन्ही गुडघे त्याआधीच निवृत्त झालेत.

युद्धापूर्वी वसतिगृह एकच होतं. मग नदीकाठचे आणि डोंगरावरचे एकमेकांच्या जिवावर उठले आणि इमारतीच्या मधोमध भिंत आली. ती घालणाऱ्यानं नकाशा पाहिला नव्हता. दुसऱ्या मजल्यावर भिंत थेट न्हाणीघरातून गेली. बेसिनं काठवाल्यांकडे आली, शॉवर डोंगरवाल्यांकडे राहिले. आठ वर्षं एका समाजाचे दात स्वच्छ होते आणि दुसऱ्याचं अंग.

बाई काठवाल्या. त्यांच्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसणारी कारकून मैत्रीण डोंगरवाली. ती भिंतीपलीकडच्या कार्यालयात गेली. किल्ल्यांची वही मात्र दोघींत एकच होती. बाई ती घेऊन फाटकाबाहेर पडायच्या, आवाराला दीड किलोमीटरचा वळसा घालायच्या आणि पलीकडच्या पहारेकऱ्याच्या हातात द्यायच्या. आठवड्यातून तीनदा. आत जायला परवानगी नव्हती. पाचव्या वर्षी वहीतली पलीकडची सही बदलली. मैत्रीण गेल्याचं बाईंना त्यावरून कळलं.

भिंत दोन वर्षांपूर्वी पाडली. या जूनपासून विद्यापीठानं एकशे चाळीस खोल्यांत प्रत्येकी एक काठवाला आणि एक डोंगरवाला ठेवला. कार्यकारिणीतल्या अर्ध्या लोकांना हे मान्य नव्हतं, म्हणून एक अट घातली गेली. पहिल्या सत्रात वीस खोल्यांनी बदल मागितला, तर भिंत पुन्हा उभी राहील. मुदत आज पाचपर्यंत होती. कंत्राटदार सोमवारीच फीत लावून माप घेऊन गेला होता. या वेळी त्याला न्हाणीघर दाखवण्यात आलं, एवढीच काय ती प्रगती.

जोड्या जुळवण्यासाठी विद्यापीठाच्या सलोखा केंद्रातल्या प्राध्यापकांनी बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली बनवली होती. "सामूहिक स्मृतीकडे आपण कसे पाहता?" हा तिच्यातला सातवा प्रश्न. एकशे नव्वद मुलांनी तिथे "चांगले" असं लिहिलं. बाईंनी प्रश्नावल्या नीट बांधून कपाटात ठेवल्या आणि आपले तीन प्रश्न विचारले: झोपतोस किती वाजता, खिडकी उघडी लागते की बंद, घोरतोस का. तिसऱ्याचं उत्तर कुणी खरं देत नाही, म्हणून ते सोबत आलेल्या आईला विचारायचं. आया घोरण्यापासून सुरू करून थेट गोवरापर्यंत जायच्या.

खोली बदलण्याचा अर्जही बाईंचाच. पूर्वी एक जण गुपचूप अर्ज करून दुसरीकडे जायचा आणि दुसऱ्याला ते रिकाम्या पलंगावरून समजायचं. मग भांडणं बाईंच्या टेबलावर. म्हणून त्यांनी नियम केला: दोघांच्या सह्या आणि दोघांचं मिळून एक कारण, एकाच ओळीत. प्राध्यापकांनी या अर्जावर परदेशात निबंध वाचला. त्यात त्याला "संवादाची संरचना" म्हटलं होतं. ओळ एकच का, असं त्यांनी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "कागद अर्धा होता."

सव्वाचारला दोनशे चौदा नंबरचे दोघं आले. एक सिव्हिल इंजिनिअरिंगचा, काठवाला, दारात वाकून येणारा. दुसरा फार्मसीचा, डोंगरवाला, चष्म्याच्या वरून बघणारा. रेक्टर मटकन खुर्चीत बसले.

"बाई, खोली बदलायचीय," दोघं एकदमच म्हणाले.

बाईंनी अर्ज पुढे केला. "कारण लिहा. एकच."

सिव्हिलवाल्यानं पेन उचललं. "हा ओले मोजे माझ्या खुर्चीवर वाळत घालतो."

"आणि याचा गजर पाचला वाजतो," फार्मसीवाला म्हणाला. "सहा वेळा. मी उठतो, मजला उठतो, हा उठत नाही."

"मग गजर लिहू की मोजे?" बाईंनी विचारलं.

"मोजे."

"गजर!"

"दोन्ही लिहितो की."

"ओळीत मावत नाही," बाई म्हणाल्या.

साडेचार झाले. दोघं बाकावर बसले, मध्ये अर्ज. "सवयी जुळत नाहीत" असं लिहून सिव्हिलवाल्यानं वाचून दाखवलं.

"खोड ते. म्हणजे माझ्याही सवयी वाईट, असं होतं."

"आहेतच."

"मग तुझ्या लिही ना, नावासकट!"

"वैचारिक मतभेद," सिव्हिलवाल्यानं सुचवलं.

"कशावरून?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

त्यानं पेनचं टोक अर्जावर टेकवलं. "मोज्यांवरून."

रेक्टरांना राहवलं नाही. "अरे, नीट विचार करा. तुमच्या एका अर्जावर इथं केवढं..."

"सर," बाई म्हणाल्या, "अर्जदारांशी बोलायचं नाही. नियम तुमचाच आहे."

बाईंनाही बोलायचं होतं. हा कागद आत आला की भिंत, भिंत आली की फाटक, आणि फाटक आलं की दीड किलोमीटर. त्यांनी टेबलाखाली गुडघा चोळला आणि कायद्यानं जे सांगायला हवं ते सांगितलं.

"समाज वेगळा, हे कारणही चालतं. सहा अर्जांत तेच आहे. लिहा, सह्या करा, मी शिक्का मारते."

रेक्टरांनी डोळे मिटले.

सिव्हिलवाल्यानं पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"ते कसं लिहायचं?" तो शेवटी म्हणाला. "खरं नाही ना ते. प्रश्न मोज्यांचा आहे."

"गजराचा," फार्मसीवाला म्हणाला. पण आवाज उतरला होता. "आधीच रात्रभर झोप नाही. तू दात खातोस."

"मी? दात तू खातोस! कटकट, कटकट. पहिल्या दिवसापासून ऐकतोय."

"मी जागा असतो, बाबा. जागा माणूस दात कसे खाईल?"

"मी पण जागाच असतो. म्हणून तर पाचला डोळा लागतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकदमच वर, कार्यालयाच्या छताकडे. तिथे पंखा मुकाट्यानं फिरत होता.

"आपला पंखा..." फार्मसीवाला म्हणाला.

"थांब, लिहितो."

चार पन्नासला अर्ज टेबलावर आला. कारण: पंखा रात्रभर कटकट करतो. खाली दोन सह्या. बाईंनी तो दोनदा वाचला, उलटला आणि मागे छापलेली तिसरी सूचना बोटानं दाखवली. खोलीतल्या वस्तूंची तक्रार हे बदलाचं कारण होत नाही. तिची नोंद दुरुस्तीच्या वहीत करायची.

"मग नवा अर्ज द्या," सिव्हिलवाला म्हणाला. "मोज्यांचा."

"त्यावर मी सही करणार नाही," फार्मसीवाला म्हणाला. "आधी पंखा होऊ दे. मग बघू कोण दात खातं."

"आणि मोजे?"

"दोरी आण. बांधतो."

"दोरी मीच का आणायची? मोजे तुझे!"

पाच वाजता ते दोघं दोरी कुणी आणायची यावर भांडत जिना चढत होते. बाईंनी फाईलवर १९ आकडा घालून त्याखाली रेघ मारली. रेक्टरांनी कार्यकारिणीला फोन लावला, आकडा सांगितला, तोच पुन्हा सांगितला आणि फोन ठेवला.

"वाचलो, बाई. या सत्रापुरतं."

"त्या एकोणिसांना खोल्या द्यायच्यात अजून," बाई म्हणाल्या. "तुम्ही जरा खिडकीसमोरून सरकाल का? उजेड अडतोय."

मग त्यांनी दुरुस्तीची वही उघडली आणि वायरमनला फोन केला. त्यानं सकाळची वेळ दिली. त्या वेळी सिव्हिलवाल्याचा तास असतो, फार्मसीवाल्याचा नसतो; म्हणजे दार उघडायला तो आहे. नोंद पान त्रेसष्टवर आहे: खोली दोनशे चौदा, छताचा पंखा, उद्या सकाळी साडेनऊ.