जागलीचा शिकारी

२००९ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. भोपाळच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचो आणि संध्याकाळी टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये कंप्युटरवर बसून शिकारी व्हायचो. हसायचं त्याने हसावं. चौथी शिकलेल्याने ऑनलाइन खेळू नये असं कुठे लिहिलंय?

खेळाला लावलं मला जावयानेच. तो भोपाळातच, मिसरोदला राहायचा. तो, त्याच्या ऑफिसातले तिघे आणि मी, अशी आमची टोळी. कानाला हेडफोन लावून, बोलत बोलत लढायचं. माझा शिकारी राखणीचा. पुढे पाळलेलं अस्वल उभं, आणि त्या तिघांतला एक आमच्या जखमा भरून काढणारा वैद्य, त्याच्याभोवती माझे सापळे. जावयाला ते पटायचं नाही. "बाबा, शिकारी मारायला असतो. डॅमेज काढा, डॅमेज!" कारखान्यात माझ्या हातून डॅमेज निघाला असता तर चार्जशीट मिळाली असती, हे ह्या ऑफिसवाल्याला काय कळणार!

माझा बाप विदर्भातल्या गावी जागलीला जायचा. शेतातल्या मचाणावर बसून पिकावर येणारी रानडुकरं हाकायची, ती जागल. एका डुकरामागे तो रानात धावला असता तर दुसरं मागून शेतात शिरलं असतं. एवढी साधी गोष्ट. आमचा वैद्य पडला की सगळे पडणार, आणि तो उभा राहायचा माझ्या सापळ्यांमुळे.

एका रविवारी मुलगी-जावई जेवायला आले. जावयासाठीच मी जिलबी आणायला बाजारात गेलो. परत येऊन पाहतो तर साहेब माझ्या खुर्चीत. माझे सगळे सापळे काढलेले, अस्वल सोडून दिलेलं, त्याच्या जागी एक वाळका चित्ता.

"सरप्राइज, बाबा! आता तुम्ही फुल अटॅक."

"कुणाला विचारून?"

"अहो, हळू," बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "जावई आहेत ते." आणि जिलबीचं ताट माझ्याच हातात दिलं. वाढली मी. दात खाऊन वाढली.

ते घरी पोचल्यावर संध्याकाळी सगळे लढाईला बसलो. मी आपले बाण सोडतोय, आणि शत्रू माझ्या शेजारून सरळ वैद्यावर. अडवायला माझ्याकडे होतं काय? वैद्य पडला, मग आम्हीही पडलो. माईक चालू आहे हे विसरून एकजण म्हणाला, "यार, तेरे ससुर को बिठा दे. बुढ्ढे से नहीं होगा."

बोलणारा कोण? तोच वैद्य!

आणि जावई हसला. "सापळे मीच काढलेत," एवढं सांगायला तोंड उघडलं नाही त्याचं. हसायला उघडलं.

मी हेडफोन काढून ठेवला. जेवलो नाही. बायको म्हणाली, "खेळच तर आहे." असेल खेळ. शिकारी माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्युटीवर जायच्या आधी, मी कंप्युटर लावला. एकेक सापळा परत घेतला. खेळातल्या जंगलात हिंडून अस्वल हुडकलं, पुन्हा माणसाळवलं. पासवर्ड बदलला. मग मिसरोदला फोन लावला. गडी झोपेत होता.

"जावईबापू, जेवायला केव्हाही या, पाट मांडतो. पण माझ्या शिकाऱ्याला पुन्हा हात लावायचा नाही. आणि तुमच्या त्या वैद्याला सांगा, म्हातारा बसणार नाही. जगायचं असेल तर संध्याकाळी माझ्या मागे उभा राहा म्हणावं."

तो काही बोलायच्या आत फोन ठेवला, सायकल काढली आणि ड्युटीवर गेलो.