नाण्याएवढी फट

निवृत्तीनंतर सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी लाकडात चौकोनी भोकं पाडायचं यंत्र बसवलं. त्यात एक पोकळ, चौकोनी पटाशी असते आणि तिच्या आत गिरमिट फिरतं. यंत्र आलं नेमकं खंडेनवमीला. झेंडूचं फूल वाहिलं, पण धीर धरवेना. लगेच बटण दाबलं. कर्कश किंचाळी आणि धूर!

तिसऱ्या मजल्यावरचे सुतारकाका खाली आले. "अहो, आज हत्यारांना सुट्टी असते. बोंबलणार नाही तर काय करेल ते?" म्हणाले आणि वर निघून गेले. मला भयंकर राग आला.

दसऱ्याला सकाळी मात्र ते आपणहून आले. मी गिरमिट पटाशीला घट्ट भिडवलं होतं, म्हणून दोन्ही घासत होती. त्यांनी पटाशीचा खांदा आणि यंत्र यांच्यामध्ये रुपयाचं नाणं अडकवलं, गिरमिट पटाशीला टेकवून आवळलं, मग नाणं काढून पटाशी वर सरकवली. दोन्हींत नाण्याएवढी फट राहिली. भोक लोण्यात पाडावं तसं पडलं. जन्मभर हातानं भोकं पाडलेल्या त्या माणसानं चारही कोपऱ्यांत बोट फिरवलं. "बरं आहे," म्हणाले. पुण्यात याहून मोठी शाबासकी नसते. माझी सगळी स्टुलं आज त्या फटीच्या जिवावर उभी आहेत.

यंदा खंडेनवमीला ते स्वतःची जुनी पटाशी घेऊन आले आणि माझ्या यंत्राशेजारी ठेवली. "हिची पूजा इथंच करा," म्हणाले. "वर घरात हिला कोणी ओळखत नाही."