कॅलेंडरामागची भिंत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी दाजींचं नाव घेतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. सांगलीत नदीपासून जवळच एका गल्लीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागं दोन खोल्यांचं घर. आमच्या घरात दहावीपुढं कुणी गेलं नव्हतं. वडूजकडच्या आमच्या गावात बारावी झाली आणि कॉलेजला जायचं तर राहायचं कुठं, हा प्रश्न आला. मेव्हण्याला तीन वर्षं घरात ठेवून घ्यायची काही रीत नाही. त्यात माझे वडील लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. मला सोडायला आले तेव्हा उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, "जावईबापू, पोरगं तुमच्यावर टाकायला जीव धजत न्हाई."

दाजी पंक्चर काढत होते. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे बघत म्हणाले, "मामा, टाकू नका. टेकवून ठेवा, सायकल ठेवत्यात तशी. शिकून झालं की न्या."

बीएस्सीला माझा विषय वनस्पतिशास्त्र. एका प्रॅक्टिकलसाठी पावावर बुरशी वाढवून न्यायची होती. पाव दाजींनीच आणला. मी तो पाणी शिंपडून डब्यात ठेवला आणि डबा मोरीजवळ. रोज सकाळी दाजी विचारायचे, "काय पाव्हणं, पाव खायचा का पाळायचा?" सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले पांढरे धागे आणि त्यांच्या टोकांवरचे काळे ठिपके मी जर्नलात काढले. सरांनी शेरा चांगला दिला. मग आठवडाभर दाजींनी ते जर्नल दुकानात ठेवलं आणि हवा भरायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. लोक काय बोलणार? "छान हाय," म्हणायचे आणि पुढचं चाक फिरवायचे.

खरी बुरशी त्याच घरात होती. पावसाळ्यात लोखंडी कपाटामागं काळपट डाग यायचे. आक्का कपाट पुढं ओढून फडक्यानं पुसायची, ऊन पडलं की खिडकी सताड उघडायची. दिवाळीआधी दाजी चुना मारायचे. डाग जायचे, पुढच्या वर्षी यायचे. मी त्याच भिंतीकडेला झोपायचो आणि मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पदवी मिळाली. साताऱ्यात नोकरी लागली. आणि दुसऱ्याच पावसाळ्यात महापूर आला. आक्का-दाजी एका शाळेत राहिले. पाणी उतरल्यावर मी रजा काढून गेलो. घरात छातीएवढं पाणी येऊन गेलं होतं. आम्ही तिघांनी चार दिवस गाळ काढला. दुकानातल्या सायकलींच्या चेनी गंजून लाल झाल्या होत्या, पण मला सारखं भिंतींकडंच बघावंसं वाटत होतं. पाण्याची तपकिरी रेघ सगळ्या घराला फिरली होती. इतकी वर्षं ज्या घरानं मला दिलं त्या घराला काहीतरी द्यायची संधी आली, असं मला वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं ते असंच.

गणपती काही आठवड्यांवर आले होते. मी रंगारी बोलावला. पिस्ता रंगाचा ऑइल पेंट, डोक्याएवढ्या उंचीपर्यंत. पुन्हा पाणी आलं तरी फडक्यानं पुसता येईल, असा माझा हिशोब.

रंगारी भिंतीवर बोटानं टकटक करून म्हणाला, "साहेब, भिंत अजून पाणी प्यालेली हाय. उन्हाळ्यापर्यंत थांबा."

दाजीही म्हणाले, "यंदा चुनाच मारू की. पेंटाची काय गडबड हाय?"

"आवं दाजी, वाळलीय. हात लावून बघा," मी म्हणालो.

मी कोरड्या मुलखातला. आमच्याकडं भिंत लिंपली की दोन दिवसांत खडखडीत होते. हाताला कोरडी लागली म्हणजे वाळली, एवढंच मला ठाऊक होतं. विटांच्या पोटात पाणी महिनोन्‌महिने राहतं, वर तेलाचा रंग बसला की त्याला बाहेर यायला वाट उरत नाही, हे मला माहीत नव्हतं. जर्नलात बुरशीचं चित्र काढलेल्या माणसाला माहीत नव्हतं.

दाजींनी भिंतीला हात लावला. माझ्याकडं बघितलं. मग रंगाऱ्याला म्हणाले, "मारा. मेव्हणा शिकलेला हाय."

गणपतीत घर लख्ख दिसलं. शेजारणी येऊन बोट फिरवून गेल्या.

थंडीत फोनवर दाजींचा खोकला ऐकू यायला लागला. मी सांगितलं, "गार वारं सुटलंय. खिडक्या लावून झोपत जावा." त्यांनी तेही ऐकलं.

संक्रांतीला गेलो तर दाजी पंप मारताना मध्येच थांबले. पाच-सहा वेळा दांडा खाली-वर केला आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकले. गिऱ्हाइकानंच उरलेली हवा भरली. मला बघून हसत म्हणाले, "व्हॉल्व ढिला झालाय, पाव्हणं." छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी त्यांना तसाच दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढायला सांगितला आणि विचारलं, "घरात ओल आहे का? भिंतींना बुरशी वगैरे?"

दाजी म्हणाले, "न्हाई. मेव्हण्यानं ऑइल पेंट मारून दिलाय."

मी शेजारच्या खुर्चीत होतो. मीही मान डोलावली.

घरी आलो. आक्कानं चहा टाकला. आतल्या खोलीत एकाच भिंतीवर तीन कॅलेंडरं होती, त्यातलं एक गेल्या सालचं.

"आक्का, जुनं कशाला ठेवलंयस?"

"चित्र चांगलं हाय त्याच्यावरचं."

पुढची सुट्टी कधी आहे ते बघावं म्हणून मी यंदाचं कॅलेंडर खिळ्यावरून काढायला गेलो. "त्याला हात लावू नगंस रं!" आक्का स्वयंपाकाच्या ओट्यापासून ओरडली, पण तोवर ते माझ्या हातात आलं होतं. मागं पिस्ता रंग पापडासारखा फुगून फुटला होता. फुटलेल्या कडांखाली हिरवट काळी लव होती. जर्नलातल्या माझ्या चित्रासारखे बारीक ठिपके, हात ठेवला तर पंजाखाली मावणार नाहीत इतके. कुबट वासाचा भपका आला. दुसरं कॅलेंडर काढलं, तिसरं काढलं. कपाट पुढं ओढलं. सगळीकडं तेच.

"कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं," आक्का म्हणाली. "रोज पुसती मी. पुसलं की वरचा रंगच निघतोय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

तिनं दाजींकडं बघितलं. दाजी बशीतला चहा फुंकत होते, पण फुंकर पुरत नव्हती. म्हणाले, "एवढ्या हौसेनं मारलास. कसं सांगायचं?"

"आणि डॉक्टरला न्हाई का म्हणालात?"

"तू शेजारी बसलेलास की रं."

त्याच आठवड्यात मी परत जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, त्या घरात यांनी आता एक दिवसही झोपू नये. औषधानं आराम पडेल, पण गेलेलं सगळं परत येईल असं नाही. वडील स्वतः सांगलीला आले. या वेळी उंबरा ओलांडून आत आले आणि दाजींच्या दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. आक्का-दाजींना गावी न्यायला आणलेल्या जीपमध्ये बसताना दाजी म्हणाले, "मामा, आता तुमी मला टेकवून ठेवताय व्हय?" वडिलांना हसता आलं नाही.

मग मी एका म्हाताऱ्या गवंड्याला गाठलं. त्यांनी सांगितलं तसं केलं. नाकाला फडकं बांधून आधी बुरशीवर पाणी फवारायचं, म्हणजे खरवडताना ती उडत नाही. रंग काढला. पुराच्या रेघेच्या वर हातभर उंचीपर्यंत गिलावा फोडला, राडारोडा लगेच पोत्यात भरून बाहेर नेला. विटा उघड्या केल्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या. दर शनिवारी साताऱ्याहून जाऊन घर झाडायचो, वारा खेळू द्यायचो. "हाताला इचारायचं न्हाई," गवंडी म्हणाले. "प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारी कडा पट्टीनं भिंतीला चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला पाणी दिसलं की समजा, भिंतीला अजून बोलायचं हाय."

दाजी दर रविवारी फोन करतात. "भिंत काय म्हणती?" हाच पहिला प्रश्न. दुकान दुसऱ्यानं घेतलं, पंप त्यांना मारता येत नाही, पण पावसाळ्याआधी त्यांना आपल्या घरी जायचं आहे. मी माफीचा विषय काढला की ते शेळीनं दावं तोडल्याचं सांगतात आणि फोन आक्काकडं देतात. म्हणून मागच्या सोमवारी मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

दाजी,

पत्र बघून हसू नका. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

तीन भिंती कोरड्या झाल्या. प्लास्टिक लावून दोन-दोनदा बघितलं. उत्तरेच्या भिंतीवर, कपाटाच्या जागी, काल लावलेल्या तुकड्यात आज सकाळी थेंब होते. त्यामुळं या पावसाळ्याआधी घरी यायचं जमणार नाही. मला हे लिहायला फार जड जातंय. आक्कानं पिशव्या भरून ठेवल्यात, हे आईनं सांगितलं. त्या सोडायला सांगा.

भिंत पूर्ण वाळली की चुनाच मारू. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं राहील. ओले कपडे आत वाळत घालायचे नाहीत. एकही कॅलेंडर लावायचं नाही.

पेंट माझ्या हट्टानं लागला. रंगारी नको म्हणाला होता, तुम्हीही म्हणाला होता. मी शिकलोय म्हणून तुम्ही गप्प बसलात. मला शिकवलंत तुम्हीच, आणि त्याची किंमत तुमच्या छातीनं दिली. याची भरपाई माझ्याकडून होणार नाही, हे मला कळतं.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडं जायचंय. मी न्यायला येतो. त्यांनी पुन्हा घराचं विचारलं तर तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगा, ओल होती म्हणून. मी शेजारीच बसलेला असेन. तरी सांगा.

तुमच्याकडं टेकवून ठेवलेला,
तुमचा मेव्हणा