दुसरी वेलांटी

पेंटर दोन्ही हातांनी रंगवायचा. एकदा भिंतीला शिडी लावली की ती हलवायचा त्याला भारी कंटाळा. उजवीकडची अक्षरं संपली की ब्रश उजव्या हातातून डाव्यात जायचा आणि डावीकडची अक्षरं सुरू व्हायची. खाली उभी राहिलेली माणसं आ वासून बघत राहायची. कुणी विचारलं, "हे कुठं शिकलात हो?" की तो म्हणायचा, "शाळेत." बस्स, पुढं चकार शब्द नाही. एरवी या माणसाला गप्प करायचं तर तोंडात ब्रशच कोंबावा लागेल, असं त्याची बायको म्हणायची. पण या एका प्रश्नावर स्वारीच्या तोंडाला कुलूप.

उजवा हात मोडला म्हणून डावा शिकला, इतपत सगळ्यांना ठाऊक होतं. सातवीत असताना तो सायकलवरून पडला होता. चालत्या सायकलवरून सगळेच पडतात, हा पठ्ठ्या स्टँडवर लावलेल्या सायकलवरून पडला. वर चढून, हँडल धरून, जोरजोरात पायडल मारत आपण शर्यत जिंकतोय अशा तोऱ्यात मागं वळून बघायला गेला आणि सायकलसकट आडवा. हात कोपरापासून पंजापर्यंत प्लास्टरात. वर्गातल्या पोरांनी त्या पांढऱ्या प्लास्टरवर सह्या केल्या, चित्रं काढली, एकाने तर गणिताची सूत्रं लिहून ठेवली आणि परीक्षेत याच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून गुरुजींकडे गयावया केली.

गुरुजी म्हणजे किटली. हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण बसलं होतं फक्कड. नाक पुढं आलेलं, टोकाशी जरा वर वळलेलं, आणि एक हात कायम कमरेवर. नाक ही तोटी, हात हा कान. रागावले की कपाळावर घाम यायचा, मग तर वाफही दिसायची. माणूस तसा वाईट नव्हता. शुद्धलेखनाचा मात्र भारी कडक. पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांत जो गल्लत करेल, त्याचा कान गुरुजींच्या चिमटीत.

एके दिवशी शाळा भरायच्या आधी वर्गात कुणी नव्हतं. फळा नुकताच पुसलेला, काळा कुळकुळीत. प्लास्टरवाला एकटाच बाकावर बसला होता. तीन आठवडे त्याने एक रेघ ओढली नव्हती. हात नुसता शिवशिवत होता, आणि तो हात म्हणजे नेमका डावा. त्याने खडू उचलला. तोटी, कान, वर झाकण, झाकणाखाली गुरुजींचा चष्मा आणि वर तीन वेटोळी वाफेची. मग बाहेर जाऊन पोरांच्या घोळक्यात मिसळून पुन्हा आत आला, जसं काही पहिल्यांदाच बघतोय.

गुरुजी आले. फळ्याकडे बघितलं. एक हात आपोआप कमरेवर गेला, आणि वर्गात मागून कुणीतरी खुदकन हसलं. संपलं सगळं.

"कोणी काढलं?"

कुणी बोलेना. बोलणार कोण? कुणाला ठाऊकच नव्हतं. ज्याला ठाऊक होतं त्याची बोबडी वळली होती. गुरुजींची नजर फिरत फिरत त्याच्यावर आली, कारण वर्गात चित्रं काढणारा तो एकच. पण मग गुरुजी प्लास्टरकडे बघून म्हणाले, "हा नव्हे. याची रेघ अशी थरथरत नाही."

शेहेचाळीस वर्षं झाली, पण हे वाक्य त्याला काल ऐकल्यासारखं आठवायचं. सुटका झाल्याचा आनंद होताच. पण आपली रेघ थरथरली म्हणून सुटलो, हेही मेलं टोचत होतं.

"ठीक आहे," गुरुजी म्हणाले. "एक सांगत नाही, तर सगळ्यांना शिक्षा. शनिवारी दुपारी कुणी घरी जायचं नाही. दोनशे वेळा लिहायचं." आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, इतक्या जोरात की खडूचे दोन तुकडे झाले: मी वर्गात शीस्त पाळीन.

दुसरी वेलांटी! गुरुजींनी, वेलांटीसाठी कान पिरगाळणाऱ्या गुरुजींनी, रागाच्या भरात शिस्तीला दुसरी वेलांटी दिली. बेचाळीस पोरांनी ती बघितली, आणि एकाचीही सांगायची छाती झाली नाही.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिला सगळे हरणी म्हणायचे. तिच्याइतकं वेगाने पळणारं शाळेत कुणी नव्हतं, मुलगेसुद्धा नाहीत.

"गुरुजी, शनिवारी तीन वाजता माझी शर्यत आहे. सगळ्या शाळांची."

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना."

"पण गुरुजी, मी नाही काढलं."

"मग ज्याने काढलं त्याला सांग उभं राहायला."

हरणी मागं वळली. सगळ्या वर्गावरून तिची नजर फिरली, प्लास्टरवरूनही. त्याने तोंड उघडलंसुद्धा. आतून आवाजच आला नाही. तिला वाटलं, जांभई देतोय.

शनिवारी बेचाळीस पोरं लिहायला बसली. त्याचा हात मोडलेला, म्हणून गुरुजींनी त्याला दुसरं काम दिलं. म्हणाले, "तू मोज." ज्याच्यामुळे हे सगळं झालं, तोच वह्या मोजत बसला. हरणी इतक्या वेगाने लिहीत होती की पान फाटेल असं वाटावं. सगळ्यांच्या आधी तिने वही आणून दिली. त्याने मोजली, मान डोलावली, आणि ती दप्तर तिथंच टाकून सुटली. सोमवारी मैत्रिणींनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "पोचले तेव्हा चुन्याच्या रेघा पुसत होते." पुढं ती कधी शर्यतीत उतरली नाही.

प्लास्टर निघालं. सातवी सुटली. पोरं मोठी झाली आणि गंमत अशी, की त्या वर्गातल्या प्रत्येकाच्या बोटात ती दुसरी वेलांटी कायमची जाऊन बसली. पेंटरकडे पाट्या रंगवायला यायच्या, तेव्हा कागद बघून तो ओळखायचा, हा आमच्या वर्गातला. गॅरेजवाल्याने लिहून आणलं, 'गाड्या शीस्तीत लावाव्यात'. दवाखान्यातल्या कंपाउंडरने आणलं, 'शीस्तीत बसावे'. पेंटर मुकाट्याने पहिली वेलांटी काढायचा आणि मग वादावादी व्हायची.

"अरे, चुकवलीस की पाटी!"

"नाही रे. पहिलीच असते."

"मला सांगतोस? दोनशे वेळा लिहिलंय मी! तू कुठं लिहिलंस? तू तर मोजत होतास!"

त्यावर पेंटर ब्रश धुवायला लागायचा. वर्गातल्या त्रेचाळीस जणांत हा शब्द बरोबर लिहिणारा तो एकटा. पाटी बरोबर असायची आणि तिच्यापुढं उभं राहून त्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

हरणी पुढं शिक्षिका झाली, त्याच शाळेत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका झाली. पेंटरशी तिचं छान जमायचं. शाळेचं रंगाचं कुठलंही काम निघालं की निरोप यायचा, 'पेंटरला बोलवा.' काम संपलं की तिच्या खोलीत चहा, जुन्या वर्गाच्या गप्पा आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. शर्यतीचा विषय तिने कधी काढला नाही, त्यानेही नाही. बायको त्याला म्हणायची, "तुमचं आणि मोठ्या बाईंचं गुळपीठ आहे बाई!" पेंटर हसायचा, पण लगेच विषय बदलायचा. सांगितलं तर हा चहा गेला. बालपणापासून ओळखणारं हे एक माणूस गेलं. मग तो ठरवायचा, पुढच्या खेपेला सांगू. अशा पुढच्या खेपा बावीस वर्षं चालल्या होत्या.

यंदा ती निवृत्त व्हायची होती. जाण्याआधी सातवीच्या व्हरांड्यातली भिंत रंगवून घ्यायचं तिने मनावर घेतलं. कागद दिला, 'शीस्त हा आमच्या शाळेचा अभिमान'. दुसरी वेलांटी, अर्थातच! पेंटर कागद घडी करून खिशात घालत म्हणाला, "हरणे, तू मोठी बाई कशी झालीस ग?"

"तुझ्यासारखे नुसते मोजायला होते म्हणून," ती म्हणाली.

त्याने भिंतीवर सूत मारलं, खडूच्या सरळ रेघा उमटवल्या आणि हातभर उंचीची अक्षरं घेतली. पहिल्या वेलांटीने 'शिस्त' लिहून झालं तेव्हा मधली सुट्टी झाली. ब्रश डब्यावर ठेवून तो पाणी प्यायला गेला. परत येऊन बघतो तर वेलांटीच्या कमानीखाली दोन डोळे आणि झुबकेदार मिशी. वेलांटीची झाली टोपी. त्याचाच ब्रश, त्याचाच काळा रंग. ब्रश मात्र पुसून, नीट जागच्या जागी ठेवलेला. पेंटरला पहिल्यांदा मनात आलं ते हे, की चेहरा झकास जमलाय.

मोठ्या बाईंना तसं वाटलं नाही. सातवीचा अख्खा वर्ग व्हरांड्यात उभा राहिला.

"कोणी काढलं?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. पेंटर शिडीवर चढून ओला रंग फडक्याने टिपत होता. त्याचा हात थांबला.

"ठीक आहे. सगळ्यांना शिक्षा. शनिवारी दुपारी कुणी घरी जायचं नाही. दोनशे वेळा लिहायचं."

"बाई," पेंटर शिडीवरून म्हणाला. मुलांसमोर तो तिला बाईच म्हणायचा. "सगळ्यांना कशाला? काढलं एकाने."

"एकाला सगळे पाठीशी घालतात, म्हणजे सगळेच सामील. आम्ही नाही लिहिलं? काय बिघडलं आमचं?"

"पाठीशी कुठं घालतात हो? यांना ठाऊकच नसेल. आपल्या वर्गात तरी कुठं कुणाला ठाऊक होतं!"

मोठ्या बाईंनी मान वर केली.

"कुणाला ठाऊक नव्हतं, हे तुला कसं ठाऊक?"

आता हे हसण्यावारी नेता आलं असतं. जीभ घसरली, वय झालं, काहीही म्हणता आलं असतं. एवढी वर्षं तो तेच करत आला होता. पण खाली चाळीसेक पोरं मान खाली घालून उभी होती, आणि त्यांतली एकोणचाळीस तरी नक्कीच हरणीसारखी होती. पेंटर शिडीवरून उतरला. ब्रश डाव्या हातात होता.

"किटली मी काढली होती," तो म्हणाला. "या हाताने."

"किटली कुठली?" एका पोराने शेजाऱ्याला हळूच विचारलं.

मोठ्या बाईंनी पोरांना वर्गात जायला सांगितलं, तेही इतक्या हळू आवाजात की पोरं बिचकून पळालीच. व्हरांड्यात दोघंच उरले.

"माझी वही तूच मोजलीस ना?"

"हो."

"दोनशे होत्या?"

"दोनशे एक होत्या."

"कमी भरली तर परत बसवतील, म्हणून एक जास्त लिहिली." ती भिंतीकडे बघत होती. "तेवढ्या एका ओळीत मी फाटकापर्यंत पोचले असते."

"हरणे, मी..."

"गप्प बस. हरले असते रे कदाचित. त्या दुसऱ्या शाळेतली उंच पोरगी भारी पळायची म्हणे. हरले असते तर हरले असते, घरी आले असते. पण मला कळलंच नाही कधी. शेहेचाळीस वर्षं मी चालतानासुद्धा तेच मोजते, की जिंकले असते का."

पेंटरने तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"आता जांभई देऊ नकोस," ती म्हणाली आणि खोलीत निघून गेली. त्या दिवशी चहा नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिपाई पेंटरच्या घरी चिठ्ठी घेऊन आला. सातवीची शिक्षा रद्द. खाली एक ओळ, 'शनिवार, दुपारी दोन, वही स्वतःची आणणे.' बायकोने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "डबा देऊ का बरोबर?"

शनिवारी पेंटर सातवीच्या मागच्या बाकावर कसाबसा मावला. गुडघे बाकाला लागत होते. हातभर अक्षरं काढणाऱ्या माणसाला बोटभर अक्षरांनी घाम फोडला. शंभराच्या आसपास उजवा हात भरून आला, म्हणून त्याने पेन डाव्या हातात घेतलं. खिडकीत कुणाची तरी सावली पडली. दोन वेण्या घातलेली एक पोरगी उभी होती.

"काका, तो चेहरा मी काढला होता. बाईंना आत्ताच सांगून आले."

"मग?"

"भिंत पुसायला तुम्हाला मदत कर म्हणाल्या. एकटीने."

"हं. मिशी जरा वर घ्यायला हवी होती," पेंटर म्हणाला. "आणि ब्रश पुसून ठेवलास, ते शहाणपण केलंस. बस तिथं, माझ्या अजून नव्वद राहिल्यात."

साडेचारला वही मोठ्या बाईंच्या टेबलावर गेली. त्यांनी चष्मा लावला आणि एक एक ओळ बोटाने मोजली. घाई केली नाही. मग लाल पेन उघडलं आणि पहिल्याच ओळीतल्या 'शिस्त'वर काट मारली.

"चूक."

"अग, पहिलीच वेलांटी असते! कुठलंही पुस्तक उघडून बघ."

"पुस्तकात असेल. आम्ही बेचाळीस जणांनी दुसरी लिहिली होती. शिक्षा आमच्याबरोबर भोगायची, तर आमच्यासारखी लिही." त्यांनी वही त्याच्याकडे सरकवली. "पुन्हा."

"सगळ्या?"

"दोनशे. एक जास्त नको," हरणी म्हणाली, आणि तिने दाराशी उभ्या शिपायाला दोन चहा सांगितले.