शनिवारचं सारवण

धाराशिवात मुलीच्या शाळेत फिनेलनं पुसलेल्या फरशीचा वास आला, की मला तामलवाडीकडच्या आमच्या शाळेतलं ओलं शेण आठवतं. तिथं जमीन मातीची होती आणि दर शनिवारी सकाळी आम्ही पोरी ती सारवायचो. शेण घरून न्यायचं, आपापला भाग सारवायचा आणि वाळेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसायचं. एका शनिवारी मला ताप होता. पोरीचा वार चुकायला नको म्हणून आईच शेणाचं टोपलं घेऊन आली. मला गोधडीत गुंडाळून तिनं लिंबाखाली बसवलं आणि आत जाऊन माझा भाग सारवायला लागली. तेवढ्यात गुरुजींनी बाहेरच हजेरी सुरू केली. माझं नाव आलं, पण घशातून आवाज निघेना. आतून आई म्हणाली, "हजर हाय, गुर्जी." पोरं खिदळली. गुरुजीही हसत म्हणाले, "बाई, तुम्हीच येत जा की रोज." आईचा हात थांबला नाही. "लई यायचं व्हतं," ती म्हणाली, "पर तवा ढोरं कुणी राखली असती?" गुरुजींनी पुढचं नाव पुकारलं. आई कोपऱ्यापर्यंत नीट सारवत, मागं सरकत दारातून बाहेर आली आणि टोपलं उचलून शेताकडं गेली. परवा पालकसभेत बाईंनी माझ्या मुलीचं नाव पुकारलं. बाकीचे पालक नुसता हात वर करत होते. माझ्या तोंडून मात्र "हजर" निघून गेलं. मुलगी लाजून पुटपुटली, "आई, हजर कुणी म्हणतं का आता?" मी म्हणाले, "तुझी आजी म्हणाली होती. एकदाच."