उंबऱ्यावरचा नाका

लातूरच्या आमच्या घरमालकांइतका रिकाम्या घरावर जीव टाकणारा माणूस उभ्या निजामी मुलखात दुसरा नसेल. लोक घर भरावं म्हणून देवाला नवस बोलतात; हे गृहस्थ घर भरू नये म्हणून पहाऱ्याला बसत. त्यांची सारी नोकरी करोडगिरीच्या नाक्यावर गेली होती. बार्शीकडून, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातून, निजामाच्या राज्यात शिरणारी गाडी थांबवायची, गाठोडी सोडायला लावायची, आत काय आहे ते पाहून जकात बसवायची, हे त्यांचं काम. पेन्शनीत निघाल्यावर तो नाका सुटला, तेव्हा त्यांनी दुसरा आपल्या घराच्या उंबऱ्यावर मांडला. गाव त्यांना नाकेदारच म्हणे. "माणूस काय काय घेऊन फिरतो मास्तर, मी बघितलंय. निम्मं सामान त्याला लागत न्हाई, अन् उरलेलं येळेला सापडत न्हाई," असं ते सांगत. घराचा कायदा एका ओळीचा होता : एक जिन्नस दाखल झाला की एक खारीज झालाच पाहिजे.

मी शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली मला भाड्यानं मिळाली. मिळाली म्हणजे आधी माझी झडती झाली. माझी पत्र्याची पेटी ओट्यावर उघडून ते मांडी घालून बसले आणि एकेक वस्तू उजेडाकडे धरून पाहू लागले. कपडे मंजूर झाले. पुस्तकांपाशी त्यांनी मोठा सुस्कारा टाकला आणि तीही मंजूर केली. पण तळातून दोन फण्या निघाल्या तसे त्यांचे डोळे चमकले. माझ्या डोक्याकडे निरखून बघत म्हणाले, "डोकं तर एकच दिसून राहिलं." एक मोडली तर दुसरी असावी म्हणून आणली, असं मी म्हणालो. "मग दुसरं डोकं बी आणायचं होतं की. मोडलं तर असावं म्हणून!" असं म्हणून त्यांनी एक फणी पेटीबाहेर ठेवली. ती मी मुकाट्यानं शाळेच्या शिपायाला देऊन टाकली.

घरातल्या प्रत्येक वस्तूला तिची तिची खुंटी नाहीतर कोनाडा होता आणि ती जागा मोकळी दिसलेली त्यांना सहन होत नसे. त्यामुळे त्यांच्याकडून काही उसनं न्यायचं तर ते परत येईपर्यंत त्याच्या जागी आपली एखादी वस्तू ठेवून जावी लागे. समोरच्या वकीलसाहेबांना एकदा अडकित्ता हवा होता. अंगावरच्या कपड्यांशिवाय त्यांच्याजवळ काही नव्हतं, तेव्हा नाकेदार म्हणाले, "टोपी ठेवा." वकील बोडक्या डोक्यानं घरी निघाले. वाटेत एक पक्षकार भेटला, त्याच्याशी बोलत ते रस्त्यात उभे राहिले, आणि तेवढ्यात दोनचार लोकांनी त्यांना तसं पाहिलं. त्या काळी भला माणूस बोडका दिसला म्हणजे घरात कुणीतरी गेलं, एवढाच अर्थ होता. वकिलांचे वडील बरेच थकलेले, त्यामुळे कोण गेलं असेल याचा तर्क करायला कुणाला वेळ लागला नाही. घटकाभरात माणसं तोंडं पाडून वकिलांच्या ओट्यावर जमू लागली. ओट्यावर म्हातारे स्वतःच बसले होते. त्यांना दिसत कमी होतं, आल्यागेल्याला ते "बसा, बसा. कोण गेलं म्हणता?" असं विचारत होते आणि कुणाचीच उत्तर द्यायची छाती होत नव्हती. शेवटी वकिलांनी सुपारी तशीच टाकली आणि अडकित्ता देऊन टोपी सोडवून नेली.

काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, या माणसाशी संसार कसा केला हे त्यांचं त्यांना ठाऊक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात, ते घरी आणायची सोय नव्हती. म्हणून काकू पहिल्या घरचं वाण दुसऱ्या घरी देत, दुसऱ्या घरचं तिसऱ्या, आणि हात हलवत घरी येत. असाच फिरवलेला एक पितळी करंडा पुढच्या संक्रांतीला वकीलणीकडून काकूंच्याच ओटीत येऊन पडला, तेव्हा वाण कुठल्याच घरात मुक्काम करत नाही म्हणून नाकेदार दोन दिवस खूष होते. जुने कपडे घेऊन भांडं देणारी बोहारीण मात्र त्यांना देवासारखी. "अख्ख्या रियासतीत कायद्यानं चालणारी ही एकच बाई," असं ते तिच्या तोंडावर सांगत आणि तिला पाण्याबरोबर गूळ देत. आता, नाक्यावर जन्म काढलेल्या माणसाच्या बायकोला चोरटा माल आत कसा घ्यावा हे शिकवावं लागत नाही. काकू भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली, कधी वाटी आणत तर कधी झारा. एकदा नाकेदारांनी माझ्यादेखत पिशवीतली मेथी उचलली. खाली नवी कोरी वाटी होती. काकूंचा चेहरा उतरला. नाकेदारांनी मेथी होती तशी वाटीवर ठेवली आणि म्हणाले, "भाजी ताजी दिसते आज." मग ते खाकरत अंगणात निघून गेले.

हसायचं तर खुशाल हसा, पण त्या घरात राहणं फार सुखाचं होतं. सकाळी कुणी कुणाच्या नावानं ओरडत नसे. माझं उपरणं कुठंय, किल्ली कुणी घेतली, सांडशी कुठं मेली, हे जे प्रत्येक घरातलं भूपाळीचं गाणं, ते तिथं मी कधी ऐकलं नाही. काकूंचा केर चहा निवायच्या आत काढून होई. काकूंनी चुलीपुढून न उठता नुसता हात मागं केला की हाताला हवं तेच लागे. मी जात्याच गबाळा माणूस. पण वर्षभरात माझंही धोतर आपसूक दांडीवर जाऊ लागलं. सुट्टीत घरी गेलो तर आईनं मला ताप आलाय का ते पाहिलं.

आणि मग अक्का आली. अक्का म्हणजे नाकेदारांची थोरली बहीण, देवणीकडच्या एका खेड्यात दिलेली. आई लवकर गेल्यामुळं अक्कानंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. राज्यात लुटालुटीची, जाळपोळीची धामधूम सुरू झाली आणि खेडी भराभर रिकामी होऊ लागली, तेव्हा तिचे दीर मुलाबाळांना घेऊन सरहद्दीपलीकडे निघून गेले. घर सोडायचं नाही म्हणून ही एकटी मागं राहिली. नाकेदारांनी निरोपावर निरोप धाडले. दर वेळी तिचं एकच उत्तर येई : "तुझ्या घरात माझं एक गाडगं बी मावायचं न्हाई. मी हाय हितंच बरी." त्या दिवसांत नाकेदारांचं जेवणात लक्ष नसे. देवणीकडून कुणी आलं असं कळलं की ते धोतराचा सोगा सावरत गंजगोलाईच्या चौकापर्यंत धावत जात आणि तिथली खबर विचारून येत.

शेवटी एका सकाळी दारात बैलगाडी उभी राहिली. गाडी कसली, चालतं खेडंच ते. जातं, उखळ, डेरा, रवी, पितळी घंगाळ, गोधड्यांचा डोंगर, उतरंडीची सगळी मडकी, नि मागं बांधलेली काळीपांढरी देवणी गाय. या सगळ्याच्या माथ्यावर अक्का बसली होती. ती खाली उतरली नाही. वरूनच म्हणाली, "हे बघ, सामानासगट घ्यायचं आसंल तर उतरते. न्हाईतर गाडी फिरवते." ती बोलल्याप्रमाणं करणारी बाई होती आणि गाडी फिरली असती तर ती कुठं गेली असती हे आम्हा सर्वांना समजत होतं. काकूंनी पदराचं टोक तोंडात धरलं. नाकेदार गाडीकडे बघत उभे राहिले.

मग सवयीनं त्यांचा हात सगळ्यात वरच्या गाठोड्याकडे गेला. गाठ सोडली. आत एक जुनं पागोटं, पानाची चंची आणि वाळून वाकडे झालेले पुरुषाचे जोडे होते. "त्यांचं हाय," अक्का म्हणाली. "आसू दे तसंच." आयुष्यभर लोकांची गाठोडी सोडणाऱ्या त्या माणसाला गाठ मारायची सवय नव्हती. ती दोनदा सुटली. तिसऱ्यांदा कशीबशी बसवून ते गाठोडं त्यांनी स्वतः उचललं आणि आत नेऊन कोनाड्यात ठेवलं. "दाखल," ते म्हणाले. कोनाड्यातला आपला आरसा त्यांनी बाहेर आणला आणि गाडीत ठेवला. "खारीज."

पुढं दुपारपर्यंत हेच चाललं. गोधड्या आत गेल्या, त्यांची बाज बाहेर आली. घंगाळ आत गेलं, त्यांचं लिहायचं डेस्क बाहेर आलं. काठी, चौरंग, पानदान, लोड, तक्क्या, सगळं एकामागून एक गाडीत चढलं. काकूंना राहवेना. त्या म्हणाल्या, "माझी उतरंड न्या की! किती पातेली पडली आहेत." यावर ते म्हणाले, "तो माल तुझा हाय. माझ्या नावचा न्हाई." उखळाच्या बदल्यात कचेरीची काळी शेरवानी निघाली, जिच्या पितळी गुंड्या ते दर दसऱ्याला रांगोळीनं घासून लखलखीत करत. मी मधे पडलो, "काका, शेरवानी तरी ठेवा," म्हणालो. "मास्तर, तुम्ही कायदा तोडायला सांगून राहिलेत?" त्यांनी विचारलं. गायीसाठी तर दाराजवळची ढाळज रिकामी झाली, जिथं बसून ते रस्त्यावर नजर ठेवत. सगळा माल त्यांनी गाडीवानाला देऊन टाकला. तो भाड्याचा माणूस; आपल्याला केवढं घबाड लागलंय हे त्याला बराच वेळ उमजेना. मग त्यानं उन्हातच शेरवानी चढवली, बाजेवर लोडाला टेकून बसला, आरसा समोर धरला, आणि भर बाजारातून असा काही गेला की दोन दुकानदारांनी उठून त्याला सलाम केला.

तिथून पुढं त्या घरात सुई सापडेनाशी झाली. अक्का बाजारातून जाईल तेव्हा गाडगं, सूप, केरसुणी, काहीतरी घेऊन येई आणि जागा दिसेल तिथं ठेवून देई. नाकेदार चटईवर बसलेले असत, जात्याला ठेचकाळत, मडक्यांमधून वाट काढत फिरत. मी एकदा त्यांना कायद्याची आठवण दिली. ते म्हणाले, "अक्काचा माल माफीचा हाय. त्याला जकात न्हाई." त्यांची स्वतःची अशी वस्तू म्हणजे धोतर, पंचा आणि पाण्याचा तांब्या. इतका आनंदी माणूस मी लातुरात पाहिला नाही. संध्याकाळी बहीणभावंडं अंगणात बसत. ती त्यांना लहानपणी मार दिल्याच्या हकिगती सांगे आणि ते पोट धरून हसत.

पुढं राज्य बदललं, नाके उठले, माझी बदली नांदेडला झाली. काही वर्षांनी नाकेदार गेल्याचं कळलं तसा मी लातूरला आलो. घर खच्चून भरलेलं होतं. अक्का मधोमध बसली होती, पार वाळलेली. मला बघून म्हणाली, "त्याचं काहीतरी जपावं म्हून समदं घर धुंडलं रे मास्तर. आमच्या मालकांचं ठेवलं मी, सासूचं ठेवलं, साऱ्यांचं बांधून ठेवलं. याचंच ठेवावं म्हनलं तर काय हाय? सगळं माझ्यापायी घालवून बसला."

मी एवढंच म्हणालो, "अक्का, त्यांना जे घरात ठेवायचं होतं ते त्यांनी ठेवलं की."

मग पदरानं डोळे पुसून तिनं शेजारचं गाठोडं बाजूला ओढलं आणि "बस हितं, उभा का?" म्हणाली. मी बसलो. आत काकू चहाचं आधण ठेवत होत्या. चहा होईपर्यंत आम्ही दोघं त्या भरल्या घरात, नाकेदारांची वाट बघत असल्यासारखे, बसून राहिलो.