साठ साहेबांच्या नजरेखालची काकडी

चूक माझीच होती, हे आधी कबूल करतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही नुसते धुळाजीकाकाला हसाल आणि मी अलगद सुटेन.

काकानं मला बीडहून साठ कोऱ्या काचा आणायला धाडलं होतं. मी साठच आणल्या, फक्त कोऱ्या नव्हत्या. एक फोटोवाला दुकान गुंडाळून हैदराबादला निघाला होता, त्याच्या जुन्या काचा स्वस्तात मिळाल्या. दुकानात अंधार होता, मला त्या नुसत्या धुरकट वाटल्या. चौसाळ्यात काकाच्या परसात पहिली काच उन्हात धरली, तर तिच्यातून एक साहेब माझ्याकडे बघत होता. तोंड काळंठिक्कर, मिशा पांढऱ्याशुभ्र, बुबुळं पांढरी. फोटोच्या काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं उमटतं, हे मला शाळेमुळं ठाऊक होतं. भामाकाकू शाळेत गेलेली नव्हती. ती किंचाळून घरात पळाली आणि तिनं आतून कडी घातली.

काका मात्र हलला नाही. वीस वर्षं मालाची गाडी हाकलेला माणूस. बैलांशी हळू बोलायचा आणि माणसांशी शिवारभर ऐकू जाईल असं. त्यात एक वाईट खोड अशी, की चार माणसं बघत असली की शब्द देऊन बसायचा. काचांचं हे लचांडही तसंच मागं लागलं होतं.

त्याची लेक छबू, शिरूरला दिलेली, पहिलटकरीण. चौथा महिना लागला आणि तिला डोहाळे लागले काकडीचे. तेही कार्तिक सरताना, बांधावरचे वेल वाळून काड्या झाल्यावर. तिची सासू केसरबाई तिला माहेरी पोचवायला आली ती बजावूनच गेली.

"डोहाळा पुरला न्हाई तर लेकराचे कान फुटत्यात म्हनं. नातू आमचा हाय, इवाई."

ओट्यावर तेव्हा आठ-दहा माणसं होती. काकानं मिशीवर हात ठेवला.

"माघात डोहाळजेवनाला या, इहीणबाई. पोरीच्या ताटात काकडी न्हाई दिसली तर ही मिशी उतरवून तुमच्या हातात ठिवतो."

केसरबाईनं मिशीकडं नीट बघून घेतलं. भाजी निवडताना बघतात तसं.

काकानं हैदराबादेत एका जहागीरदाराच्या बागेत काचेची खोली पाहिली होती. आत थंडीतही झाडं हिरवीगार. "ऊन आत शिरतं, पर भाईर निघाया इसरतं," एवढंच त्याचं शास्त्र. गोठ्याच्या भिंतीला टेकवून त्यानं बाभळीच्या मेढी रोवल्या, कामट्यांची चौकट केली आणि चिखल-चुन्यात काचा बसवल्या. खाली गरम उकिरड्याचं खत, वर माती. दार एवढं बुटकं, की आत जाताना साष्टांग नमस्कारच घडावा. रात्री वरून गोणपाटं.

"साहेब लोकांची तोंडं आत कर रं," काका मला म्हणाला. "येलावर नजर ठिवतील."

काचेतला माणूस दोन्हीकडून दिसतो, हे मी सांगितलं नाही. एका दिवसात किती चुका कबूल करायच्या?

गावाला तमाशा झाला. शेजारचा शहादेव रोज सकाळी एका काचेला मुजरा करायचा. "धुळाकाका, ह्यो वसुलीचा गिरदावर दिसतो. आधी ह्याला पानी पाजा, न्हाईतर काकडीवर बी सारा बसवंल."

पण वेल वाढले. बाहेर थंडीनं माणसं शेकोटी सोडत नव्हती आणि आत पानं तळहाताएवढी झाली. पौषात फुलं आली. करंगळीच्या नखाएवढ्या काकड्या फुलामागं धरलेल्या बघून काकानं मला मिठी मारली. पाचव्या दिवशी त्या पिवळ्या पडून गळाल्या. मग दुसऱ्या आल्या, त्याही गळाल्या.

निदान काकूनं केलं. "दिष्ट हाय, दुसरं काय? साठ मानसं दिसभर टकामका बघत्यात, ती बी उपाशी!"

दुपारपर्यंत साठही साहेबांच्या तोंडांना शेण फासलं गेलं. दृष्ट थांबली असेल, पण ऊनही थांबलं. आठवड्यात वेल असे पांढुरके पडले, की आता तेच फोटोत काढल्यासारखे दिसू लागले. काका आत उकिडवा बसून मिशी कुरवाळत राहायचा. बायको मरणपंथाला लागावी तसा तो मिशीला जपत होता.

"काका, ऊनच न्हाई तर काचा कशाला? धुऊन काढू."

"आन् दिष्ट?"

"मानसंच पुसून टाकू."

कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन मी दोन दिवस काचा घासल्या. शेणाबरोबर गिरदावर गेला, दोन नवरदेव गेले, एक अख्खी कचेरी ओघळून उकिरड्याला मिळाली. वेल पुन्हा हिरवे झाले, फुलं पुन्हा आली. आणि पुन्हा गळाली.

माघ आठ-नऊ दिवसांवर आला होता. न्हावी गल्लीतून जाताना दिसला की काका गोठ्यात लपायचा.

शेवटी काकू पहिल्यांदा त्या काचघरात शिरली. बराच वेळ फुलं बघत बसली.

"बांधावर येल असतोय तवा फुलावर माश्या घोंगावत्यात. हितं माशी हाय का एक तरी?"

"दार लावलेलं असतंय की," काका म्हणाला. "गारठा शिरंल."

"मंग कशी धरंल काकडी? नवरा-नवरीला दोन खोल्यांत कोंडून नातू मागताव व्हय?"

आम्ही दार उघडून उंबऱ्यावर गूळ ठेवला. मुंग्या आल्या, माशी आली नाही. तेव्हा काकूनंच मागं काकडी नसलेलं फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि मागं काकडी असलेल्या फुलात हलकेच फिरवलं. ते बघून काकाला चेव चढला. लगीन म्हणजे रीतसर पाहिजे! त्यानं धोतराचा सोगा अंतरपाट म्हणून धरला, मला मंगलाष्टकं म्हणायला लावली. मला दोनच ओळी येत होत्या. त्यांवर अकरा लग्नं लागली. शहादेव भिंतीवरून वाकून अक्षता टाकत होता.

अकरांतलं एक लग्न टिकलं.

माघी पंचमीला डोहाळजेवण. आदल्या संध्याकाळी काकडी वीतभर झाली होती. काका तिला बैलाशी बोलायचा त्या आवाजात काहीतरी सांगून आला. केसरबाई शिरूरहून सकाळीच उतरली. पाट मांडले, रांगोळी झाली, काका परात घेऊन काचघरात शिरला आणि तशीच रिकामी परात घेऊन बाहेर आला. वेलाला नुसता देठ.

"कुटंय काकडी?" केसरबाई म्हणाली. काकाचा हात मिशीवर गेला, पण या वेळी झाकायला.

छबू पाटावर बसून जमीन उकरत होती. "मी फाटंचंच खाल्ली," ती पुटपुटली. "दम निघंना."

"कुनी बघितलं?" केसरबाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती सुनेसमोर जाऊन बसली. "आ कर. हाऽऽ कर."

छबूनं हाऽऽ केलं. विहिणीनं नाक पुढं केलं, डोळे मिटले, पुन्हा एकदा हुंगलं. परसात कोणी श्वास घेत नव्हतं. काका तर मुळीच नाही.

"काकडीच हाय," केसरबाई म्हणाली. "मिशी ऱ्हाऊ द्या."

काकानं एवढा मोठा सुस्कारा टाकला की निरांजन विझलं. छबूनं खाली मान घालून ढेकर दिली, ती पुरावा म्हणून जास्तीची धरली गेली.

"पर इवाई," पान संपवून उठताना केसरबाई म्हणाली, "सून खाऊन मोकळी झाली. मी शिरूरवरनं थंडीत कुडकुडत आले ती नुसता वास घ्यायला? एक काकडी माजी निघती."

"निघती," काका म्हणाला. ओट्यावर तेव्हा चांगली पंधरा माणसं होती.

वैशाखात नातू झाला, दोन्ही कान ठणठणीत. पावसाळ्यात काकानं बांधावरच्या काकड्यांची पाटी भरून शिरूरला पाठवली. मीच घेऊन गेलो. केसरबाईनं एक उचलली, हुंगली आणि पाटी माझ्या डोक्यावर परत ठेवली.

"ही पावसाळी हाय. थंडीतली बाकी हाय, म्हनावं."

ती अजून बाकीच आहे.